गागाकू टिकवायचं म्हणजे नेमकं काय टिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या एका गटाला जपानच्या जुन्या दरबारी संगीतावर, म्हणजे गागाकूवर, कार्यक्रम करायचा आहे. त्यांनी मोबाइलवर ‘एतेनराकू’ ही रचना ऐकली. ती फार संथ आणि एकसुरी वाटली, तरी डोक्यातून जाईना. मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. हे संगीत तेराशे वर्षं जसंच्या तसं कसं टिकलं? आज सगळं ध्वनिमुद्रित आणि स्कॅन झालेलं असताना ते जपण्याची एवढी काळजी का करतात? आणि स्वरलिपी मिळाली तर ते बासरी-हार्मोनियमवर बसवून पुण्यात सादर करता येईल का?

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी ओसाका भागात राहते आणि इथल्या एका हौशी मंडळात बऱ्याच वर्षांपासून हिचिरिकी वाजवते. हिचिरिकी म्हणजे बांबूचं, वीतभरही नसलेलं, सनईच्या कुळातलं वाद्य; लांबी सुमारे 18 सेंटिमीटर, पुढे सात भोकं, मागे दोन, तोंडाशी बोरूची पत्ती. मी राजवाड्यातली वादक नाही आणि संशोधकही नाही. शिकणं, नव्यांना शिकवायला मदत करणं आणि ठरलेल्या उत्सवांत वाजवणं हे माझं काम. त्यामुळे खालचं उत्तर वाजवणाऱ्याच्या बाजूचं आहे.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत दिसते: संगीत ही वस्तू आहे, ती नीट पेटीत ठेवली की टिकली. ही समजूत किती तोकडी आहे ते दाखवणारं उदाहरण जपानमध्येच आहे. नारा शहरात तोदाईजी मंदिराजवळ शोसोइन हे आठव्या शतकातलं लाकडी कोठार आहे. त्यात पाच तारांची एक बिवा, म्हणजे छेडून वाजवायचं तंतुवाद्य, आहे. शितान (रोझवूड) लाकूड, त्यावर शिंपल्याचं जडावकाम, आणि उंटावर बसून बिवा वाजवणाऱ्या माणसाचं चित्र. अशी प्राचीन पंचतंत्री बिवा जगात ही एकच उरली आहे. तिची जुनी लिपीही उरली आहे. क्योतोच्या योमेइ बुन्को या संग्रहात ती जपलेली आहे. म्हणजे वाद्य आहे, लिपी आहे, दोन्हींची राखण उत्तम आहे. पण ती वाजवण्याची परंपरा हेइआन काळातच (साधारण नववं ते बारावं शतक) तुटली. 2019 मध्ये या बिवेची हुबेहूब प्रतिकृती पूर्ण झाली. तारांसाठी राजवाड्यात पाळलेल्या कोइशिमारू जातीच्या किड्यांचं रेशीम वापरलं, आठेक वर्षांचं काम होतं. प्रतिकृतीतून नाद निघाला. पण ती लिपी कोणत्या लयीत, कोणत्या वळणाने वाजवायची यावर अभ्यासकांचं एकमत होत नाही, कारण विचारायला माणूस नाही.

याउलट चार तारांची बिवा आमच्या तालमीत दर आठवड्याला वाजते. तिचं लाकूड साधं असतं, वाजवणारे कधी निवृत्त शिक्षक असतात तर कधी पुजारी. जपलं गेलं ते हे. तुमचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे: एका माणसाच्या अंगातली जाण दुसऱ्याच्या अंगात कशी जाते, आणि ती जाण्यासाठी आजूबाजूला काय काय शाबूत असावं लागतं?

आता ‘जसंच्या तसं’बद्दल. ते तसं राहिलेलं नाही, आणि हे मान्य केल्याने गागाकूची किंमत कमी होत नाही. 701 सालच्या तैहो कायद्याने दरबारात संगीताचं स्वतंत्र खातं सुरू झालं. पुढे चीन, कोरियाची राज्यं, आजच्या व्हिएतनामकडचा चंपा प्रदेश, अशा ठिकाणचं संगीत तिथे एकत्र शिकवलं जाऊ लागलं. भारताचा धागा इथेच येतो. बोधिसेन हा भारतीय भिक्षू 736 मध्ये जपानला पोचला, त्याच्याबरोबर चंपाकडचा बुत्तेत्सू होता. 752 मध्ये तोदाईजीच्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा सोहळा झाला, तेव्हा कुंचला बोधिसेनाच्या हातात होता. त्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधून जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या. कुंचला आणि दोरी आजही शोसोइनमध्ये आहेत. सोहळ्यात निरनिराळ्या देशांचं संगीत आणि नृत्य झालं. बुत्तेत्सूने शिकवलेल्या म्हणून परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या काही रचना आजच्या संग्रहात आहेत. कार्यक्रमात हा धागा जरूर सांगा. फक्त ‘गागाकू मूळचं भारतीय’ असं म्हणू नका. ते खरं नाही.

नवव्या शतकात दरबाराने या सगळ्या मिश्रणाला कात्री लावली. वाद्यं कमी केली आणि रचनांची दोन गटांत विभागणी केली: डावीकडे चीनकडून आलेलं, उजवीकडे कोरियाकडून आलेलं. तुम्ही जे ऐकलंत ते डाव्या गटातलं. मग युद्धं आली. 1467 ते 1477 या ओनिन युद्धात क्योतो बेचिराख झालं आणि वादकांची घराणी विखुरली. शो हे नळ्यांचं मुखवाद्य वाजवणाऱ्या तोयोहारा मुनेआकी याने 1512 मध्ये ‘ताइगेनशो’ हा मोठा ग्रंथ पुरा केला, तो आपली विद्या आपल्याबरोबर संपेल या भीतीपोटी. त्याच शतकात पुढे क्योतोतले वादक इतके कमी पडले की सम्राटांनी ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिरातून आणि नारामधून वादक बोलावून घेतले. हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका ठिकाणचं बुडालं ते दुसऱ्या ठिकाणामुळे परत उभं राहिलं. तिन्ही ठिकाणी सगळं अगदी एकसारखं वाजत नव्हतं, पण तिन्ही ठिकाणी माणसं वाजवत होती.

मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर, आणखी मोठा बदल झाला. 1870 मध्ये या तिन्ही ठिकाणच्या घराण्यांना नव्या राजधानीत, तोक्योला बोलावून एक सरकारी खातं केलं. वेगवेगळ्या घराण्यांच्या वळणांत मेळ घालायला 1876 आणि 1888 मध्ये निवडक रचनांची अधिकृत लिपी तयार झाली. आम्ही आज जे वाजवतो ते बहुतेक त्या निवडीतलं. निवडीत जे आलं नाही ते हळूहळू मागे पडलं. याच वादकांना 1874 पासून पाश्चात्त्य संगीतही शिकावं लागलं. राजवाड्याचे वादक आजही दोन्ही वाजवतात.

केंब्रिजचे संगीत-अभ्यासक लॉरेन्स पिकन यांनी तर असं मांडलं की चीनच्या थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) मूळ चाली बऱ्याच जलद होत्या. जपानमध्ये त्या शतकानुशतकं संथ होत गेल्या आणि मूळ चाल शो आणि तंतुवाद्यांच्या भागात दडून राहिली. सगळ्यांना हे मान्य नाही, पण त्यामागे एक निरीक्षण आहे जे मीही रोज ऐकते. शो हे सतरा नळ्यांचं मुखवाद्य, त्यातल्या पंधरा वाजतात. ते बहुधा पाच-सहा स्वरांचा गुच्छ एकदम वाजवतं, आणि त्या गुच्छातले सगळ्यात खालचे स्वर ओळीने ऐकले तर एक चाल दिसते. तुम्हाला जे एकसुरी वाटलं ते हे गुच्छ. मोबाइलच्या स्पीकरवर त्यांचे थर एकमेकांत मिसळून जातात. चांगले हेडफोन लावून ऐका. एका गुच्छातून दुसऱ्यात जाताना सगळी बोटं एकदम उठत नाहीत, ठरलेल्या क्रमाने एकेक सरकतात. त्यामुळे नवा गुच्छ येण्याआधीच त्याची चाहूल लागते.

आता मुख्य गोष्ट, शिकणं.

आमच्याकडे नवा माणूस आला की त्याच्या हातात लगेच वाद्य देत नाहीत. तो गुडघे मोडून बसतो, समोर पोथी असते, आणि गुरू गातील तसं गायला लागतो. या गाण्याला शोगा म्हणतात. एतेनराकूमधली हिचिरिकीची सुरुवात साधारण अशी आहे: ‘ची रा रो रु रो, ता रु रा’. उजव्या तळहाताने मांडीवर थाप देत, एकेक अक्षर लांबवत हे म्हणायचं. अक्षरांना अर्थ नाही. आपल्याकडे तबल्याचे बोल तोंडाने म्हणतात, तिथपर्यंत हे ओळखीचं वाटेल. पण बोलांत आघात आणि लय असते. शोगामध्ये चाल, श्वास, मींड आणि आवाजाचा फुगवटा हे सगळं एकत्र असतं. ‘रो’ म्हणताना सूर सरळ राहत नाही. तो थोडा खालून येतो, मध्ये भरतो आणि पुढच्या ‘रु’मध्ये ओघळतो. हे कुठे, किती, हे गुरूच्या तोंडून ऐकून आपल्या घशात बसवायचं. काही महिने असे जातात. कंटाळून सोडून जाणारेही असतात.

ही पद्धत केवळ जुनी आहे म्हणून चालू आहे असं समजू नका; तिला ठोस कारण आहे. हिचिरिकीची लिपी उभ्या ओळीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली असते. मधोमध शोगाची अक्षरं मोठी, त्यांच्या डाव्या बाजूला बोटांच्या बारीक खुणा, उजवीकडे तालाचे ठिपके. खुणेप्रमाणे बोटं ठेवली की स्वर मिळायला हवा, असं वाटतं ना? मिळत नाही. या वाद्याची पत्ती एवढी मोठी आणि मऊ आहे की बोटं न हलवता, नुसत्या ओठांच्या दाबाने सूर चांगला एखादा स्वर वर-खाली सरकतो. आणि हे सरकणंच हिचिरिकीचं सौंदर्य आहे. त्याला एम्बाइ म्हणतात. म्हणजे कागद सांगतो ‘बोटं इथे’, आणि सूर कुठे ते शोगा सांगते. ज्याने गायलेलं नाही त्याच्या हातात लिपी दिली तर त्याला स्वरही धड मिळणार नाही, वळण तर दूरच.

दुसरं कारण सगळ्यांनी मिळून वाजवण्यातलं आहे. गागाकूत पुढे उभं राहून हात हलवणारा कोणी नसतो. काक्को हा लहान ढोल वाजवणारा लय सांभाळतो. रचना आडव्या बासरीने, र्‍यूतेकीने, एकट्याने सुरू होते आणि ठरलेल्या जागी बाकीचे येतात. ती जागा मात्रा मोजून पकडली तर यांत्रिक वाटते; समोरच्याच्या श्वासावरून पकडावी लागते. त्यासाठी मला र्‍यूतेकीची शोगाही येत असते. वाजवताना मनात ती चालू असते. पुढे रचना हळूहळू वेग घेते. किती वेग, हे कोणत्याही पोथीत आकड्यात लिहिलेलं नाही.

म्हणून ध्वनिमुद्रण असूनही काळजी का, याचं उत्तर असं. फ्रेड गेसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांना मुद्रित केलं, आणि त्याच दौऱ्यात 1903 मध्ये तोक्योला जाऊन दरबारी वादकांच्याही तबकड्या केल्या. त्या अनमोल आहेत. पण एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे रचना कापावी लागे. म्हणजे लय तेव्हा खरंच तेवढी होती, का ती तबकडीसाठी आटोपली, हे नुसतं ऐकून सांगता येत नाही. मुद्रणातून एका दिवशी काय वाजलं ते कळतं. वादकाने काय निवडलं, काय टाळलं, विद्यार्थी चुकला तर गुरू काय सुधारतील, हे कळत नाही. मी स्वतः ध्वनिफिती सतत ऐकते, शिकलेलं पडताळून पाहायला त्यांच्यासारखं साधन नाही. पण कोरी पाटी घेऊन फक्त ध्वनिफितीवरून शिकलेला माणूस आमच्यात बसला तर पहिल्या ओळीतच ओळखू येतो: त्याचे सूर बरोबर असतात आणि श्वास चुकीच्या जागी.

आणि माणसं असली तरी पुरत नाही. वाद्यं कशाची करायची?

हिचिरिकीच्या पत्तीला लागणारा उत्तम बोरू योदो नदीच्या काठी, ओसाका प्रांतातल्या ताकात्सुकी शहराच्या हद्दीत, उदोनो नावाच्या बोरूबनात होतो. हे बन सुमारे 75 हेक्टरांचं आहे. कांड जाड हवं, भिंत भक्कम हवी, आणि तरी दाबलं की मिटेल इतकं लवचीक हवं. हिवाळ्यात कापून ते काही वर्षं वाळवतात. मग एक टोक उष्णता देऊन चपटं करतात, वाद्यात बसणाऱ्या टोकाला कागद गुंडाळतात आणि मध्ये वेताची बारीक कडी चढवतात. वाजवण्याआधी मी पत्ती गरम हिरव्या चहात भिजवते. साध्या पाण्यानेही ती उघडते, पण सगळे चहाच वापरतात आणि माझाही अनुभव चहाच्याच बाजूने आहे. दोन ओठ उघडावेत तशी पत्ती हळूहळू उघडते. ती किती उघडू द्यायची ते कडी वर-खाली करून ठरवायचं. हे दोन मिनिटांचं काम चुकलं तर पुढचा तासभर सूर लागत नाही.

तर हे उदोनोचं बन. नदीचं पात्र खोल केल्यापासून पुराचं पाणी तिथे क्वचित चढतं, जमीन कोरडी पडत गेली आणि दुसऱ्या वनस्पती घुसल्या. नव्या द्रुतगती महामार्गाचा मार्ग तिथून आखला गेला तेव्हा देशभरच्या गागाकूवाल्यांनी सह्या गोळा केल्या. या बनाचं खरं आयुष्य मात्र दर फेब्रुवारीत लावल्या जाणाऱ्या आगीवर आहे. वाळलेलं सगळं जाळलं की वेली, त्यांचं बी आणि कीड मरते आणि नव्या कोंभांना ऊन मिळतं. आधी हवामानामुळे, मग कोरोनामुळे सलग दोन वर्षं ही आग लागली नाही. 2021 मध्ये वेलींनी बोरू अक्षरशः गुदमरवला. पत्तीला योग्य असं कांड जवळजवळ मिळेना. मग वादक, स्थानिक लोक, विद्यार्थी, सगळे हाताने वेली उपटायला उतरले. 2022 मध्ये आग पुन्हा लागली आणि बन सावरू लागलं. तेराशे वर्षांची परंपरा संपवायला दोन वर्षांची न लागलेली आग पुरली असती, हे मी त्या काळात जवळून पाहिलं. तेव्हापासून ‘जतन’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पोथ्यांच्या आधी चिखलात उभं राहून वेली ओढणारी माणसं येतात.

शोची कथा वेगळी आहे. त्याच्या नळ्यांसाठी जुन्या गवती छपरांच्या घरांतला, चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं काळा पडलेला बांबू उत्तम मानतात. अशी घरंच आता किती राहिली! तारांच्या वाद्यांना रेशीम लागतं. शिगा प्रांतातल्या नागाहामा भागात, किनोमोतोला, वाद्यांच्या तारांसाठीचं कच्चं रेशीम अजून हाताने काढतात. जपानच्या सांस्कृतिक वारसा कायद्यात 1975 पासून अशा कारागिरीलाही वेगळं संरक्षण आहे आणि किनोमोतोचं रेशीम 1991 पासून त्यात आहे. हा कायदा मला फार शहाणपणाचा वाटतो. गागाकूचं वादन 1955 मध्ये राष्ट्रीय वारसा ठरलं, 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, ते सगळ्यांना माहीत असतं. रेशीम काढणाऱ्या हातांबद्दल फार कोणी बोलत नाही.

तिसरी गरज निमित्ताची. राजवाड्यातलं गागाकू सामान्य माणसाला क्वचित ऐकायला मिळतं. शरद ऋतूत काही प्रयोग होतात, त्यांना सोडत काढून प्रवेश देतात. पण ओसाकाच्या शितेन्नोजीत दर 22 एप्रिलला तळ्यावरच्या दगडी मंचावर दिवसभर नृत्य आणि वादन होतं. नारामध्ये 17 डिसेंबरला कासुगा वाकामिया देवळाचा उत्सव असतो, तो 1136 पासून चालू आहे. 1870 मध्ये घराणी तोक्योला गेली तेव्हा ओसाकाचा उत्सव बंद पडायची वेळ आली. तो इथल्या भिक्षूंनी आणि हौशी लोकांनी उचलून धरला. त्यातून 1884 मध्ये गार्योकाई हे मंडळ उभं राहिलं आणि आजही तेच वाजवतं. तोक्योतही 1887 पासून ओनो गागाकूकाई हे हौशी मंडळ आहे. उत्सवाची तारीख ठरलेली असते, देव थांबत नाही, म्हणून तालीम होते. निमित्त नसलेलं मंडळ दोन-तीन वर्षांत विरतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तेव्हा आतापर्यंतचा हिशेब असा: गाऊन शिकवणारा माणूस, वाद्याचं सामान पिकवणारी जमीन आणि कारागीर, आणि वाजवायलाच लावणारी तारीख. पोथ्या आणि ध्वनिफिती याला पूरक आहेत; यांच्या जागी त्या येऊ शकत नाहीत.

आता पुण्याचं. यात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. एका संध्याकाळचा कार्यक्रम हवा असेल तर एक उत्तर, आणि काही वर्षं चालणारा गट हवा असेल तर दुसरं.

हार्मोनियमवर एतेनराकू बसवू नका, असं मी आग्रहाने सांगेन. हार्मोनियमवर सूर ओघळत नाही. जे उरेल ती चाल असेल, गागाकू नसेल, आणि ऐकणाऱ्यांना मात्र आपण गागाकू ऐकलं असं वाटेल. बासरीवर मींड येते, तरीही एकट्या चालीतून काही कळणार नाही, कारण हिचिरिकी आणि र्‍यूतेकी एकच चाल दोन वेगळ्या वळणांनी एकाच वेळी वाजवतात आणि मजा त्या घर्षणात आहे. नवं करायला माझा विरोध नाही. संगीतकार तोरु ताकेमित्सू यांनी 1973 मध्ये गागाकूच्या वाद्यांसाठी नवी रचना केली, आणि दरबार सोडलेले शिबा सुकेयासू यांनी 1985 मध्ये रेइगाकुशा हा समूह काढून जुनं आणि नवं दोन्ही वाजवलं. पण ती माणसं परंपरा अंगात मुरल्यावर नव्याकडे वळली.

एका संध्याकाळसाठी ऐकण्याची बैठक करा. जपान आर्ट्स कौन्सिलच्या डिजिटल लायब्ररीत गागाकूवर चांगलं दृक्‌श्राव्य साहित्य आहे, भाषा शिकणाऱ्यांना ते जड जाणार नाही. एतेनराकू पहिल्यांदा काही न सांगता ऐकवा. मग हिचिरिकीची पहिली ओळ सगळ्यांकडून, मांडीवर थाप देत, दहा-पंधरा मिनिटं म्हणून घ्या. त्यासाठी जपानमधल्या एखाद्या शिक्षकाला व्हिडिओ कॉलवर घ्या; मी मदत करेन. मग तीच रचना पुन्हा ऐकवा. जपानबाहेरच्या पाहुण्यांबरोबर आम्ही असंच करतो. दुसऱ्या खेपेला त्यांना चाल ऐकू येते, आणि एकसुरीपणाची तक्रार मी त्यानंतर क्वचितच ऐकली आहे.

गट हवा असेल तर र्‍यूतेकीने सुरुवात करा. प्लॅस्टिकची र्‍यूतेकी मिळते, स्वस्त असते आणि सरावाला पुरते. हिचिरिकीही प्लॅस्टिकची मिळते, पण पत्ती बोरूचीच लागते आणि पत्त्या संपतात, त्यामुळे जपानमधून नियमित मागवण्याची सोय हवी. शो सध्या नको. किंमत लाखांच्या घरात, आणि श्वासाच्या वाफेने आतल्या धातूच्या जिभल्या ओल्या झाल्या की सूर जातो. म्हणून वादक वाजवण्याआधी आणि मधल्या विसाव्यात ते शेगडीवर फिरवून गरम करत राहतात. पावसाळ्यात ते सांभाळणं इथेही कठीण जातं. शिवाय मेणाने सूर जुळवणारा, जिभल्या काढून साफ करणारा कारागीर भारतात कुठून आणणार? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने 2006 मध्ये गागाकूचा अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा वाद्यांची सोय तर केलीच, शिवाय निवडक विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात तोक्योच्या गुरूंकडे पाठवलं. एवढा पैसा तुमच्याकडे नसेल, पण क्रम तोच ठेवा: पहिला खर्च एखाद्याला काही आठवड्यांसाठी इथे शिकायला पाठवण्यावर करा, वाद्यांवर नंतर. परत आलेला एक माणूस दहा जणांना शोगा शिकवू शकतो.

शेवटी तारखेबद्दल, कारण तुम्ही ती अजून ठरवलेली नाही. गागाकूत सूरमाळांचे ऋतू मानलेले आहेत: सोजो वसंताची, ओशिकिचो उन्हाळ्याची, ह्योजो शरदाची, बान्शिकिचो हिवाळ्याची. एतेनराकू यातल्या तीन माळांत आहे, वसंताच्या सोजोत मात्र नाही. तुम्ही ऐकलेली बहुधा ह्योजोतली असणार, तीच सगळीकडे वाजते. कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये करणार असाल तर ह्योजो घ्या, जानेवारीत असेल तर बान्शिकिचोतली ऐकवा. महिना कळवलात तर त्या माळेच्या सुरुवातीला वाजणारा नेतोरी हा छोटा सूर-जुळवणीचा तुकडा आणि पहिल्या ओळीची शोगा देवनागरीत लिहून पाठवते, म्हणजे बैठकीआधी तुमच्या गटाला ती रोज म्हणता येईल.